गरिबांचे मूडी ब्लूज

बीटल्स आवडतात असं सांगणाऱ्याचं आयुष्य सोपं असतं. समोरचा मान डोलावतो, एखादी ओळ गुणगुणतो, विषय संपतो. पिंक फ्लॉइड म्हटलं तर थोडा आदरही मिळतो. पण लग्नाच्या पंगतीत शेजारच्यानं ‘तुम्ही इंग्लिश गाणी ऐकता म्हणे, कोणाची?’ असं विचारलं आणि चुकून तोंडून ‘विशबोन अ‍ॅश’ निघून गेलं, की मसालेभात गार झालाच म्हणून समजा.

फारसा न गाजलेला ब्रिटिश बँड हा लग्नातल्या लांबच्या पाहुण्यासारखा असतो. नुसतं नाव सांगून भागत नाही. ‘अमक्यांचे साडू’ असं म्हणावं लागतं. बजी हा कार्डिफचा बँड. तीनच माणसं, पण आवाज सहा जणांचा. त्यांच्याबद्दल मी तासभर बोलू शकतो. तरी सुरुवात ‘मेटालिकानं ज्यांची गाणी पुन्हा वाजवली ना, ते’ अशीच करावी लागते. विशबोन अ‍ॅशचं तेच. ‘आयर्न मेडनमध्ये दोन गिटारी जोडीनं वाजतात बघा, ती वाट पाडणाऱ्यांतले हे.’ त्यावर पाहुणे विचारतात, ‘आयर्न मेडन म्हणजे?’ मग साडूंचे साडू शोधायचे.

हे वेड मला गिरगावात लागलं. काळा घोड्याचं ऱ्हिदम हाऊस हे रेकॉर्डचं दुकान (2016 साली तेही बंद झालं) आमच्यासाठी फक्त ऐकण्यापुरतं. विकत घ्यायची ऐपत नव्हती. त्यामुळे खरा आधार होता तो कॅसेट भरून देणाऱ्याचा. नव्वद मिनिटांच्या कॅसेटच्या एका बाजूला एक अख्खी एलपी बसवायची, ही त्याची प्रतिज्ञा. पंचेचाळीस मिनिटांपेक्षा लांब एलपी काढणारे इंग्लंडमधले लोक त्याच्या मते उधळे. शेवटचं गाणं ऐन रंगात आलं की खट्‌ आवाज व्हायचा आणि टेप संपायची. आज तीच गाणी मोबाइलवर पूर्ण ऐकायला मिळतात, तर त्या जागेनंतरचं सगळं मला उगाच वाढवल्यासारखं वाटतं.

भरलेल्या कॅसेटला कव्हर नसायचं. विशबोन अ‍ॅशचा 1972 सालचा ‘आर्गस’ हा अल्बम मला तोंडपाठ होता, पण त्याच्या कव्हरवर शिरस्त्राण घातलेला एक पाठमोरा शिपाई उभा आहे, हे इंटरनेट आल्यावर कळलं. तोवर माझ्या डोळ्यांसमोर ‘आर्गस’ म्हणजे निळ्या बॉलपेनानं लिहिलेलं ‘विशबोन हॅश’.

आमचे अण्णा शाळेत इंग्रजी शिकवायचे. युराया हीप या बँडची कॅसेट पाहून ते चक्क खूश झाले. डिकन्सच्या ‘डेव्हिड कॉपरफील्ड’मधला त्याच नावाचा लाचार, आतल्या गाठीचा कारकून त्यांना चांगलाच ठाऊक होता. पोरगं डिकन्स ऐकतंय म्हटल्यावर त्यांनी टेपरेकॉर्डरचा आवाज वाढवायला परवानगी दिली आणि पुढच्याच मिनिटाला ती काढून घेतली. या बँडच्या 1970 सालच्या पहिल्या रेकॉर्डवर लिहिताना एका अमेरिकी समीक्षिकेनं म्हटलं होतं, की हे लोक यशस्वी झाले तर मला जीव द्यावा लागेल. त्यानंतर बँड पन्नासहून अधिक वर्षं वाजवत राहिला. बाईंनी शब्द पाळला नसावा, अशी आशा आहे.

स्लेडनं मात्र घरात भांडण लावलं. वुल्व्हरहॅम्प्टनची ही चौकडी गाण्यांची स्पेलिंगं मुद्दाम चुकीची लिहायची. ‘लव्ह’ म्हणजे एल-यू-व्ही, ‘क्रेझी’च्या शेवटी दोन ई, ‘नॉइज’मध्ये एसच्या जागी झेड. ब्रिटनमध्ये त्यांची सहा गाणी पहिल्या क्रमांकावर गेली, पण अण्णांच्या हातून एकही पास झालं नाही. एका संध्याकाळी घरी आलो, तर कॅसेटच्या कार्डावरच्या सगळ्या चुका लाल पेनानं दुरुस्त केलेल्या आणि खाली सही.

याच अण्णांनी मार्च 1980 मध्ये मला रंगभवनात ‘पोलीस’ हा तिघांचा ब्रिटिश बँड ऐकायला एका शब्दात जाऊ दिलं. पोलीस बँडचा कार्यक्रम म्हणजे शिस्तीचं काम, अशी त्यांची समजूत झाली होती. ती मी दूर केली नाही. पुढे ते तिघे जगभर इतके गाजले, की आमच्या यादीतून मी त्यांचं नाव काढून टाकलं.

माझा खरा जीव बार्कली जेम्स हार्वेस्टवर. ओल्डम भागातली ही मुलं. इंग्लंडमधल्या समीक्षकांनी त्यांना ‘गरिबांचे मूडी ब्लूज’ (मूडी ब्लूज म्हणजे तिकडचाच एक गाजलेला बँड) म्हणून हिणवलं, तर यांनी 1977 साली त्याच नावाचं गाणं करून टाकलं, तेही बऱ्यापैकी मूडी ब्लूजच्याच चालीवर! 30 ऑगस्ट 1980 ला पश्चिम बर्लिनमध्ये, राइशटाग या जुन्या संसदभवनासमोर, त्यांना ऐकायला दीड लाखांहून जास्त माणसं जमली. मायदेशी परतल्यावर पुन्हा, ‘कोण हे?’

मग 1998 च्या सुमारास यांच्यात भाऊबंदकी झाली. जॉन लीजचं बार्कली जेम्स हार्वेस्ट वेगळं, लेस होलरॉइडचं वेगळं. इकडे विशबोन अ‍ॅशच्या नावाचा वाद कोर्टात गेला आणि 2013 साली निकाल त्यांचा गिटारवादक अँडी पॉवेल याच्या बाजूनं लागला. आधीच ऐकणारे मूठभर, त्यात वाटण्या. गिरगावात चाळीतल्या दोन खोल्यांसाठी याहून कमी कागद झाले असतील.

मुलगा इंग्लंडमध्ये नोकरीला आहे. त्याच्याकडे गेलो असताना म्हटलं, बार्कलीची तिकिटं काढ. तो म्हणाला, ‘बाबा, बार्कलीज बँकेत तिकिटं मिळत नाहीत.’ नीट समजावल्यावर म्हणाला, ‘इथं दोन दिसतायत. तुमचे कुठले?’ शेवटी कोणत्या घरी गेलो ते सांगत नाही. दुसऱ्या घराशी संबंध बिघडतील.

छोटंसं थिएटर. प्रेक्षकांत माझा मुलगा वगळता काळे केस फक्त माझेच, तेही कलपामुळे. गाण्यांची फर्माईश होत होती ती बसल्या जागेवरून. उभं राहायला गुडघे तयार नव्हते. ‘आता एक नवं गाणं,’ असं गायकानं म्हणताच निम्मी रांग स्वच्छतागृहाकडे निघाली.

मध्यंतरात शेजारच्या लालबुंद गृहस्थांनी विचारलं, हे तुम्ही कुठं ऐकलंत? मी ‘बॉम्बे’ म्हटलं. आता ते भारावणार, म्हणून मी ताठ बसलो. ते म्हणाले, ‘हं. हे तसे फारच लोकप्रिय. मी आपला सोबत म्हणून आलो.’ आणि त्यांनी खिशातून कागद काढून पाच-सहा बँडची नावं लिहून दिली. एकही मी ऐकलेला नव्हता. माझा चेहरा पाहून ते समजुतीच्या सुरात सांगू लागले, ‘कॅरव्हॅन माहीत असतील ना? कँटरबरीचे? हे पहिले त्यांच्या ओळखीतले.’

परतल्यावर महिनाभर ती यादी कानाला लावून बसलो होतो. बहुतेक बँड का गाजले नाहीत ते लगेच कळलं. एक मात्र अफाट निघाला. नाव विचारू नका. उगाच चार लोक ऐकायला लागायचे.