यादी लागण्याआधीच निवड झालेली असते

जमीनवाटपाचा विषय निघाला की 'खरे गरजू कोण' यावर वाद रंगतो. पण गरज मोजायची वेळ येईपर्यंत निम्मे लोक चाळणीतून खाली पडलेले असतात.

कूळकायदाच घ्या. 1 एप्रिल 1957 ला, कृषक दिनी, कसणारं कूळ मालक झालं. मोठंच काम होतं ते. पण पीकपाहणीला, म्हणजे जमीन कोण कसतो त्या सरकारी नोंदीत, ज्याचं नाव, त्याचं कूळ सिद्ध होणार. तोंडी बोलीवर कसणारा कोर्टकचेरीत अडकला आणि सालगडी तर हिशेबातच नव्हता.

कर्मवीर दादासाहेब गायकवाड आपल्याच नाशिक जिल्ह्यातले, दिंडोरी तालुक्यातल्या आंबे गावचे. भूमिहीनांसाठी त्यांनी 1959 आणि 1964 ला सत्याग्रह केले. त्यांच्या नावाच्या योजनेत दारिद्र्यरेषेखालच्या भूमिहीन अनुसूचित जाती आणि नवबौद्ध कुटुंबाला 4 एकर जिरायत किंवा 2 एकर बागायत जमीन मिळते. निकष चांगले आहेत, विधवा आणि परित्यक्तांना प्राधान्यही आहे. फक्त जमीन सरकारने विकत घ्यायची. 2018 ला ठरलेली कमाल किंमत एकरी 5 लाख जिरायतीला, 8 लाख बागायतीला. आता सांगा, द्राक्षांच्या दिंडोरी-निफाडात या भावात कोण विकतंय? म्हणजे कुठल्या गावच्या भूमिहीनाला जमीन मिळणार हे विकणाराच ठरवतो!

वनहक्क कायद्याची गत आणखी न्यारी. 13 डिसेंबर 2005 पूर्वीपासून आदिवासी माणूस वनजमीन कसत असेल तर कमाल 4 हेक्टरपर्यंत हक्क. पुरावा काय द्यायचा? सुरगाण्याकडच्या एका आजोबांनी पत्र्याच्या पेटीतून वनखात्याच्या दंडाच्या पावत्या काढून दाखवल्या होत्या. कडा झिजलेल्या, शाई उडालेली. अतिक्रमणाचा गुन्हा म्हणून फाडलेली पावती आता हक्काचा पुरावा! शेजारच्या प्लॉटवाल्याच्या बापाने मात्र दर वेळी गार्डाला कोंबडी देऊन पावती टाळली होती. त्याच्या पोराकडे दाखवायला काहीच नाही. (कोंबडीची पावती कोण देतो?)

खरं तर नियमांत गावातल्या वडीलधाऱ्यांचा लेखी जबाबही पुरावा धरलाय आणि अमुकच कागद आणा असा हट्ट धरायचा नाही, असंही आहे. दावा ग्रामसभा तपासते. माझ्या मते लाभार्थी निवडायची याहून चांगली रीत नाही, कारण कोण कधीपासून कसतंय हे गावाला पाठ असतं. घोळ होतो तो दावा वर प्रांताच्या उपविभागीय समितीकडे गेल्यावर. कुणाचा फेटाळला जातो, कुणाला कसतो त्याहून कमी क्षेत्राचा पट्टा मिळतो. मार्च 2018 ला नाशिकहून मुंबईला पायी गेलेल्या मोर्चात हीच तक्रार होती.

पेठ, सुरगाणा, कळवणकडचं कुणी हे वाचत असेल तर दावा फेटाळल्याचं कारण लेखी मागा. उपविभागीय समितीच्या निर्णयावर 60 दिवसांत जिल्हा समितीकडे जाता येतं. आणि पट्ट्यावर नवऱ्यासोबत बायकोचंही नाव लागलंय का ते बघा, कायद्यातच आहे ते.