लुळ्या मांड्या मिळतील का?

ऑस्लोत ५ वर्षं काढली, पण इथल्या जोडशब्दांनी मला अजून उंबऱ्याबाहेरच ठेवलंय. नॉर्वेजियन माणूस शब्दाला शब्द चिकटवत जातो. मुख्य रेल्वे स्थानकाला लागून असलेलं मेट्रो स्टेशन ‘यॅणबानेतोर्गे’: लोखंड, मार्ग आणि चौक, तिघांची एकच मोळी. आपण लोहपथगामिनीला हसतो, इथे रोज तिथेच उतरतात.

त्यातला ण अस्सल आपला. ऑस्लोकर र आणि न एकत्र करून तो काढतात, त्यामुळे मला सोपा. मूल म्हणजे ‘बाण’, बाग म्हणजे ‘हागे’, म्हणून बालवाडी ‘बाणेहागे’. “तुमची नात बाणेहागेत रमली,” असं सासूबाईंना फोनवर सांगितलं, तेव्हा पलीकडे बराच वेळ शांतता होती.

अडतं ते जोर देताना. जोडशब्दात खरा जोर पहिल्या तुकड्यावर, शेवटच्याला जेमतेम, आणि मध्ये थांबायचं नाही. मराठी जिभेला हा पंक्तिप्रपंच जमत नाही. आम्ही सगळ्या अक्षरांना सारखंच वाढतो. ईस्टरला इथे कोकराची मांडी भाजतात, ‘लाम्मेलोर’. दुकानातल्या पोराला नीट कळावं म्हणून मी सावकाश म्हणाले, “लाम्मे. लोर.” तोडलं की त्याच्या होतात लुळ्या मांड्या. त्याने माझ्या पायांकडे पाहिलं.

“जरा बसतेस का?” (इथे सगळेच एकेरी.)

त्याच फेरीत मी राजम्याऐवजी शेतकरी मागितले. दोन्ही ‘बोन्नर’च, फक्त सूर वेगळा. पण ते दुखणं निराळं.

लिहिताना मात्र खुद्द नॉर्वेजियनही फसतात, हे कळल्यावर जरा बरं वाटलं. ‘आनानासरिंगर’ म्हणजे अननसाच्या चकत्या; मध्ये जागा सोडली की अननस फोन करतो.

मग मे महिन्यात आमच्या इमारतीचा ‘दुगनाद’ आला. म्हणजे सगळ्यांनी मिळून अंगण झाडायचं, कुंड्या भरायच्या. माझं अक्षर बरं, म्हणून पाटी माझ्याकडे: ‘रोयकफ्रित’, धूम्रपानमुक्त. सुटसुटीत दिसावं म्हणून मी मध्ये बोटभर जागा सोडली.

संध्याकाळी पाहते तर दुसऱ्या मजल्यावरचे आजोबा पाटीखालीच उभे राहून पाइप पेटवत होते. मी तोंड उघडायच्या आत त्यांनी पाइपाच्या टोकानेच ती बोटभर जागा दाखवली आणि माझंच अक्षर मला वाचून दाखवलं: “रोयक. फ्रित.” खुशाल ओढा.