बायोप्सीचा रिपोर्ट ग्रुपवर टाकणाऱ्यांना

आज सकाळी शाळेत निघायच्या घाईत फोन सारखा वाजत होता. नातेवाइकांच्या ग्रुपवर एका काकूंचा बायोप्सीचा रिपोर्ट येऊन पडला होता. अख्खा रिपोर्ट. नाव, वय, तुकडा कुठून घेतला, खाली निदान. सोबत दोन ओळी : 'सर्वांनी प्रार्थना करा. काकूंना अजून काही सांगितलेलं नाही, कृपया त्यांच्यासमोर कोणी बोलू नये.'

मग सुरू. हात जोडलेले, दिवे, स्वामींचे फोटो. सुरतला राहणारे, पुण्याला राहणारे, काकूंना कधीतरी एखाद्या लग्नात पाहिलं असेल असे सगळे. काकूंकडे साधा बटणाचा फोन आहे. त्या ग्रुपवर नाहीत. आपल्या शरीरात काय निघालं ते काकू सोडून सगळ्या गोतावळ्याला कळलं.

(नातं मी बदललंय, गाव लिहीत नाही. तिच्या आजाराची जाहिरात मला करायची नाही, ती आधीच झाली आहे.)

मी लिहिलं, हे आत्ताच्या आत्ता काढा. उत्तर आलं, "ताई, काळजीपोटीच टाकलंय ना." मी फोन बाजूला ठेवला, पण दिवसभर वर्गात माझं लक्ष नव्हतं. मला सारखे नाना आठवत होते.

नाना म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. अमळनेर तालुक्यात बोरी नदीच्या काठचं आमचं गाव. नाना सातवी शिकलेले, पण गावात कुणाचा सातबारा असो, सोसायटीच्या कर्जाचा कागद असो, लोक वाचून घ्यायला नानांच्याच ओट्यावर यायचे. प्रत्येकाला एकच सांगायचे, "वाचाबिगर अंगठा देऊ नको रे भाऊ." तंबाखू मात्र सुटली नाही. गालाच्या आत चट्टा आला, मग तोंड दोन बोटांपुरतंच उघडायला लागलं, भाकरी दुधात कुस्करून खायला लागले. मोठ्या शहरातल्या एका दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी कॅन्सर आहे हे कुणाला सांगितलं? माझ्या चुलतभावाला आणि त्याच्या सासऱ्यांना. नानांना बाहेर बाकावर बसवून. नानांना सांगितलं, दाढेचं छोटं ऑपरेशन आहे.

शुद्धीवर आले तेव्हा एका बाजूचा खालचा जबडा नव्हता. छातीचं मांस काढून गालाला लावलेलं, नाकात नळी. फॉर्म इंग्रजी होता. शेवटच्या पानावर पेन्सिलीने फुली मारून ठेवली होती, इथे सही करा. भावाने केली. माझा भाऊ वाईट नाही, घाबरलेला होता. पण ज्या माणसाने आयुष्यभर गावाला कागद वाचून दाखवले, त्याच्या स्वतःच्या जबड्याचा कागद त्याला कुणी दाखवला नाही.

हे लिहितानाही हात थरथरतोय.

आणि हे कायद्यात बसत होतं असंही नाही. समीरा कोहली नावाच्या बाईंची केस आहे, सुप्रीम कोर्टाने 2008 च्या जानेवारीत निकाल दिला. दुर्बिणीतून तपासणी करायला म्हणून बाई टेबलवर गेल्या. भूल दिलेली असतानाच बाहेर त्यांच्या आईची संमती घेतली आणि गर्भाशय, अंडाशय काढून टाकलं. कोर्टाने सांगितलं, तपासणीची संमती म्हणजे ऑपरेशनची संमती नव्हे. पेशंट सज्ञान आहे, थोड्या वेळाने शुद्धीवर येणार आहे, जीव जात नाहीये, तर तिलाच विचारायचं, आईची सही चालणार नाही. आजार काय, उपाय काय, दुसरा पर्याय काय, धोका काय, काहीच केलं नाही तर काय होईल, हे पेशंटला समजेल असं सांगायचं. पण डॉक्टरांच्या वर्तणुकीचे 2002 चे नियम बघा. ऑपरेशनआधी लेखी संमती कुणाची घ्यायची? नवरा किंवा बायको, मूल अल्पवयीन असेल तर आईबाप किंवा पालक, किंवा स्वतः पेशंट. पेशंट सगळ्यात शेवटी! वाचलं तेव्हा माझं डोकंच फिरलं होतं.

बायकांचं तर विचारूच नका. गर्भपातासाठी सज्ञान बाईची एकटीची संमती पुरते, हे 1971 च्या कायद्यापासून आहे. तिचं नाव बाहेर फोडलं तर शिक्षा आहे, हे 2021 च्या दुरुस्तीत आलं. आणि तरी "मिस्टरांना घेऊन या" ऐकून किती जणी परत गेल्या असतील, हे माझ्या इथल्या मित्रयादीतल्या मैत्रिणींना मी सांगायला नको.

तुम्ही म्हणाल, सांगितलं की माणूस धीर सोडतो. काही जण सोडतात, मान्य. काही जण स्वतःच म्हणतात, मला काही सांगू नका, पोराशी बोला. तोही त्यांचा हक्क आहे. पण तसं त्यांनी म्हणायला हवं, आपण परस्पर ठरवायचं नाही. आणि न सांगितल्याने धीर राहतो हे कुणी सांगितलं? नानांना सगळं कळत होतं. सांजवेळी माणसं पारले बिस्किटाचे पुडे घेऊन यायची, खाटेजवळ बसायची, उगाच पाऊसपाण्याचं बोलायची आणि उठताना पदराने डोळे पुसायची. एवढं ज्याला कळणार नाही तो माणूस कसला? ऑपरेशनच्या आधीच एकदा नाना माझ्या आईला आमच्या अहिराणी बोलीत म्हणाले होते, "माले काय व्हयेल शे हाई बठ्ठासले ठाऊक, नी मालेच कोनी सांगत नही." (मला काय झालंय हे सगळ्यांना ठाऊक, आणि मलाच कुणी सांगत नाही.) आई चहा ठेवायच्या निमित्ताने आत निघून गेली.

डॉक्टरांची बाजू आहेच. सरकारी ओपीडीत दारापर्यंत रांग, एका पेशंटला किती मिनिटं देणार. आणि उद्या काही झालं तर काचा फोडायला नातेवाईकच येतात, पेशंट नाही. म्हणून डॉक्टरही नातेवाइकांनाच सांभाळतात. समजतं मला. पण लॅबमध्ये नंबर कुणाचा द्यायचा हे तर आपल्या हातात आहे ना? जावयाचा नंबर लिहिला की पीडीएफ जावयाच्या फोनवर, तिथून मेहुण्याला, तिथून ग्रुपवर. पेशंटची गुपितं डॉक्टरने फोडू नयेत असा नियम आहे. एचआयव्ही असेल तर 2017 चा स्वतंत्र कायदाच आहे, विचारल्याशिवाय तपासणी नाही, आणि सांगायचं तर त्याच्या परवानगीने. घरातल्या माणसाने गुपित फोडलं तर मात्र त्याला कुणी जाब विचारत नाही. तिकडे सातपुड्याच्या पायथ्याला सिकलसेलच्या, म्हणजे आईबापाकडून येणाऱ्या रक्ताच्या आजाराच्या, तपासण्या होतात. शाळेतली पोरगी वाहक निघाली की तिचं नाव मास्तर, शिपाई, पाहुणे सगळ्यांच्या तोंडी. वाहक म्हणजे आजारी नव्हे, नवरा-बायको दोघंही वाहक असतील तर मुलाला आजार होण्याचा धोका, तोही प्रत्येक खेपेला चारात एक. एवढं समजावून सांगायला वेळ नाही, पण तिचं लग्न मोडायला वेळ आहे.

काकूंच्या मुलाशी दुपारी बोलले. ओरडायचं ठरवून फोन केला होता, पण तोच रडायला लागला. "मला जमणार नाही, ताई, तिला कसं सांगू?" मग मीही मऊ झाले. त्याला म्हटलं, तू एकट्याने नको सांगू. डॉक्टरांनाच म्हण, आईला समोर बसवून सांगा, मी बाजूला आहे. त्याने तो रिपोर्ट ग्रुपवरून काढून टाकला. तोवर किती जणांच्या फोनमध्ये उतरला असेल देव जाणे.

नानांनी ऑपरेशननंतर एकदा औषधाच्या बिलाच्या मागे पेन्सिलीने लिहिलं होतं, बोलता येत नव्हतं म्हणून. 'बोलता येत होतं तेव्हा बोलून घेतलं असतं.' कुणाशी, काय, ते लिहिलं नाही. माझ्या वडिलांशी त्यांचा बांधावरून वर्षानुवर्षं अबोला होता. धाकट्या लेकीच्या नावावर काही करायचं होतं, ते सगळं तसंच राहिलं. कदाचित ऑपरेशनला ते हो म्हणालेही असते. बहुतेक म्हणालेच असते. पण आधी चार दिवस मागून घेतले असते, आणि ते चार दिवस त्यांचे होते. (धाकटीला विचारूनच हे लिहितेय. ती म्हणाली, लिही.)

माझ्या यादीत धुळ्या-जळगावचे बरेच डॉक्टर आहेत, काही तर माझे विद्यार्थी. तुम्हाला एवढंच मागते. मोठा रिपोर्ट हातात आला की नातेवाइकांना पाच मिनिटं केबिनबाहेर बसवा आणि पेशंटला विचारा, तुम्हाला किती सांगू आणि कुणासमोर सांगू. तो म्हणाला पोराला बोलवा, तर बोलवा. अहिराणीत विचारलं तर अजून बरं. नातेवाईक चिडतील, आवाज चढवतील. चढवू द्या. अशा वेळी तुमच्या बाजूने उभी राहायला मी येईन, कधीही फोन करा.