वॉर्डाच्या सीमा ठरतात तेव्हा आपण कुठे असतो?

इंग्लंडमधल्या मराठी मंडळींसाठी लिहितोय. पोस्ट लांब आहे, पण शेवटपर्यंत वाचा.

डिस्ट्रिक्ट कौन्सिलची (इथल्या जिल्हा पातळीवरच्या स्थानिक संस्थेची) निवडणूक जवळ आली की आपल्या ग्रुपवर हमखास विचारलं जातं, "आपल्याला मत आहे का हो?" आहे! इथे कायदेशीर राहणाऱ्या राष्ट्रकुल देशांच्या नागरिकांना मतदानाचा हक्क आहे. त्यासाठी ब्रिटिश पासपोर्ट लागत नाही. 2023 पासून मतदान केंद्रावर फोटोचं ओळखपत्र दाखवावं लागतं, त्याला आपला भारतीय पासपोर्ट चालतो. मत दिलं म्हणून व्हिसाला काही होत नाही. तरीही बरीच मंडळी मतदारयादीत नाव घालत नाहीत. कचऱ्याच्या डब्यांसाठी कोण धावपळ करणार, असं म्हणतात.

कौन्सिलकडे नुसते डबे नसतात. तुमच्या घरामागच्या शेतात तीनशे घरं उठणार की नाही, हे बहुतेक वेळा डिस्ट्रिक्ट कौन्सिलची प्लॅनिंग कमिटी ठरवते. आणि त्या कमिटीत तुमच्या बाजूने बोलायला कोण असेल, हे मतदानाच्याही आधी, वॉर्डाच्या सीमा आखल्या जातात तेव्हा बरंचसं ठरून जातं. तिथे आपण कुणीच नसतो. मला याचंच वाईट वाटतं.

साउथ केंब्रिजशरचंच घ्या. केंब्रिज शहराला चहूबाजूंनी वेढलेला हा जिल्हा. 2018 पर्यंत इथे 57 कौन्सिलर होते आणि दर वेळी साधारण एक तृतीयांश जागांचीच निवडणूक व्हायची. लोक कितीही चिडले तरी एका फटक्यात सत्ता हलणं अवघड. मग सीमा बदलल्या, वॉर्ड 26 झाले, कौन्सिलर 45. जुने वॉर्डच उरले नाहीत म्हटल्यावर सगळ्या जागा एकदम मतदानाला आल्या. 3 मे 2018 च्या मतदानाचा निकाल लागला तो असा: लिबरल डेमोक्रॅट 30, कॉन्झर्व्हेटिव्ह 11, लेबर 2, अपक्ष 2. तोवर सत्तेत असलेले कॉन्झर्व्हेटिव्ह घरी बसले.

हे सगळं सीमांनी घडवलं असं मी म्हणत नाही. 2016 च्या ब्रेक्झिट सार्वमतात या जिल्ह्यातल्या दहापैकी सहा मतदारांनी युरोपीय संघात राहण्याचा कौल दिला होता, त्यामुळे ब्रेक्झिट राबवणाऱ्या कॉन्झर्व्हेटिव्हांवर नाराजी होतीच. पण जुन्या पद्धतीत तीच नाराजी हप्त्याहप्त्याने उतरली असती. सगळ्या जागा एकदम आल्या म्हणून ती एका दिवसात दिसली. मला हे योग्य वाटतं. मतदाराला पूर्ण कौन्सिलचा हिशेब एकदम मागता आला पाहिजे. कौन्सिलर 57 चे 45 केले, ते मात्र मला आजही पटत नाही. याच जिल्ह्यात नॉर्थस्टोला 10,000 घरांचं नवं शहर उभं राहतंय, वॉटरबीचला आणखी एक, आणि माणसं वाढत असताना त्यांचे प्रतिनिधी कमी करायचे?

या सीमा कौन्सिल आखत नाही आणि मंत्रीही आखत नाहीत. त्यासाठी 2010 पासून इंग्लंडचा स्वतंत्र स्थानिक सीमा आयोग आहे आणि तो संसदेला उत्तरदायी आहे. एखाद्या कौन्सिलच्या 30 टक्क्यांहून जास्त वॉर्डांत मतदारांचं प्रमाण सरासरीपेक्षा 10 टक्क्यांहून जास्त ढळलं, किंवा एखाद्याच वॉर्डात ते 30 टक्क्यांहून जास्त ढळलं, की आयोग फेरआखणी हाती घेतो. एका कौन्सिलरमागे सगळीकडे साधारण सारखे मतदार असावेत, वस्तीची ओळख जपली जावी आणि कारभार सोयीचा व्हावा, या तीन कसोट्या. हिशेब आजच्या मतदारांवर थांबत नाही, पुढची पाच वर्षं धरून केला जातो. म्हणजे अजून पायाही न खणलेल्या घरांतले मतदार आकड्यांत येतात.

साउथ केंब्रिजशरमधल्या आपल्या कॅम्बोर्नची गोष्ट यातच आहे. 1998 च्या सुमारास मोकळ्या शेतांत वसायला लागलेलं हे गाव बरीच वर्षं बोर्न नावाच्या वॉर्डात होतं. बोर्न हे शेजारचं जुनं, लहान गाव. माणसं इकडे वाढत गेली, नाव तिकडचंच राहिलं. 2018 च्या आखणीत कॅम्बोर्न स्वतःच्या नावाचा, तीन कौन्सिलरांचा वॉर्ड झाला. आज कॅम्बोर्नमध्ये संध्याकाळी तळ्याकाठी चक्कर मारली तर मराठी, तेलुगू, तमिळ सगळं कानावर पडतं. एवढी माणसं इथे आहेत, पण सीमांवर सूचना मागवतात तेव्हा आपल्यापैकी किती जण लिहितात?

लिहिणं अवघड नाही. सूचना कुणालाही पाठवता येते, वकील लागत नाही, आणि आलेली प्रत्येक सूचना आयोग जाहीर करतो. घरांच्या किमती, पोस्टकोड, विम्याचे हप्ते यांचा तिथे विचार होत नाही, त्यावर शब्द घालवू नका. मुलं कोणत्या शाळेत जातात, दवाखाना कुठला, बस कुठून पकडता, मधल्या मोठ्या रस्त्यामुळे दोन वस्त्या खरंच तुटल्या आहेत का, हे लिहा. नुसत्या शंभर सह्यांपेक्षा असं कारणांसकट लिहिलेलं एक पान तिथे जास्त वजनदार ठरतं.

मतपत्रिकेबद्दलही सांगतो. तीन जागांच्या वॉर्डात एकाच कागदावर नऊ-दहा नावं असतात आणि तीन फुल्या मारता येतात. आपली माणसं बऱ्याचदा एक फुली मारून, कागद दुमडून बाहेर पडतात. उरलेली दोन मतं फुकट जातात! मुंबई सोडली तर आपल्याकडच्या महापालिकांत प्रभागातल्या अ, ब, क, ड अशा जागा वेगवेगळ्या लढवल्या जातात, इथे सगळे एकाच यादीत, आडनावाच्या वर्णक्रमाने. वरच्या नावांकडे आधी लक्ष जातं, म्हणून यादी खालपर्यंत वाचा.

मुंबईत काय झालं ते आपण पाहिलंच. प्रभाग 227 चे 236 केले, सरकार बदललं, पुन्हा 227. त्यात आरक्षणाचा वाद, कोर्टकज्जे. महापालिकेची मुदत मार्च 2022 मध्ये संपली आणि मतदान व्हायला जानेवारी 2026 उजाडलं. जवळजवळ चार वर्षं प्रशासकाच्या हाती कारभार. प्रभाग किती आणि कसे, हे सत्ताधाऱ्यांच्या हातात राहिलं की हेच होतं. म्हणून मला इथला स्वतंत्र आयोग मोलाचा वाटतो. पण इथेही सगळं आलबेल नाही. पुनर्रचनेचं कारण देऊन 2025 मध्ये एसेक्स, नॉरफोक, सफोक, सरे अशा कौंटींच्या निवडणुका पुढे ढकलल्याच. लोकांचं मत लांबणीवर टाकणं कुठल्याही देशात चूकच.

आता कौंटी (डिस्ट्रिक्टच्या वरची पातळी) आणि डिस्ट्रिक्ट अशा दोन पातळ्या मोडून 2028 पर्यंत प्रत्येक भागाला एकाच पातळीची मोठी कौन्सिल करायचा सरकारचा बेत आहे. तसं झालं की सगळ्या सीमा पुन्हा आखाव्या लागतील. कॅम्बोर्न वेस्टला 2,350 घरं मंजूर आहेत, शेजारच्या बोर्न एअरफिल्डवर 3,500 घरांचं गाव ठरलंय. ते गाव कॅम्बोर्नला जोडायचं, कॉल्डिकोटला, की त्याचा वेगळा वॉर्ड करायचा? माझ्या मते वेगळाच हवा, आकडे जुळवण्यासाठी कुणाच्या तरी शेपटाला बांधलेला नको. तुम्हाला दुसरं काही वाटत असेल तर कमेंटमध्ये कारणासकट लिहा. सूचना मागवतील तेव्हा तेच मुद्दे घेऊन एक मसुदा करू, इंग्रजीत मांडून द्यायला मी बसतो. आणि ज्यांचं मतदारयादीत नाव नाही, त्यांनी नॅशनल इन्शुरन्स नंबर हाताशी घेऊन आज रात्रीच ऑनलाइन फॉर्म भरा, पाच मिनिटं लागतात.