आगळाने रक्तातली साखर धुतली जात नाही

आमच्या मालवणच्या काकीने परस्पर मधुमेहाची गोळी बंद केली. विचारलं तर म्हणे, "आता गोळी कित्याक व्हयी? आगळ घेतंय मां!" मग फोन पुढे केला. मेसेज तुमच्याकडेही आला असेलच. थोडक्यात असा: एचबीए१सी (किती टक्के हिमोग्लोबिनला साखर चिकटली आहे, ते मोजणारी) ही टेस्ट औषध कंपन्यांची चाल आहे, प्रथिनांना साखर चिकटली की रक्त सडतं, सात दिवस अनशापोटी कोकमाचं आगळ घेतलं की चिकटलेली साखर सुटते आणि रिपोर्ट ९ वरून ६ वर येतो, गूळ नैसर्गिक, म्हणून तो चिकटतच नाही.

धुण्याचंच आधी घेऊ, कारण गोळी त्यापायी सुटली. लाल पेशीतल्या हिमोग्लोबिन या प्रथिनाला ग्लुकोज आपोआप चिकटतं. सुरुवातीला ही जोडणी सैल असते, सुटूही शकते. पण मग तिची रचना बदलते आणि ती पक्की होते. फणसाचा चीक निदान तेलाने निघतो, ही साखर पेशी मरेपर्यंत निघत नाही. पेशी जगते साधारण १२० दिवस. म्हणजे सात दिवसांत शंभरातल्या जेमतेम सहा पेशी नव्या येतात, बाकीच्या जुनी साखर घेऊनच फिरतात. मग सात दिवसांत ९ चे ६ कुठून होणार? आणि आगळ पोटात जातं, तिथे ते पचतं. लाल पेशी धुवायला ते पोचणार कसं?

बरं, आगळ म्हणजे मिठात मुरवलेला कोकमाचा रस. काकीला बीपी आहे आणि ती रोज सकाळी अर्धी वाटी घेत होती! शेजारणीने तर अमृत कोकमाची बाटली आणली. त्यात कोकमापेक्षा साखरच जास्त. मेसेज लिहिणाऱ्याला या दोन बाटल्यांतला फरक ठाऊक असेल असं वाटत नाही. सोलकढी खुशाल प्या, तिच्याशी माझं भांडण नाही.

साखर चिकटली की रक्त सडतं म्हणे. तसं असतं तर सगळ्यांचंच सडलं असतं. रक्तातल्या बहुतेक प्रथिनांवर शरीर स्वतःच, एन्झाइम वापरून, साखरेच्या साखळ्या बसवतं. अँटिबॉडींवरही त्या असतात. तुमचा रक्तगट ए की बी, हे लाल पेशींवरच्या साखळीच्या टोकाला कुठली साखर आहे यावर ठरतं. मधुमेहात चिकटणारं ग्लुकोज वेगळं, ते कोणी न बसवता चिकटतं.

कंपन्यांची चाल? मधुमेहींच्या रक्तातलं हे वेगळं, साखर चिकटलेलं हिमोग्लोबिन १९६८ मध्ये तेहरानला सॅम्युएल राहबार यांना दिसलं, तेही हिमोग्लोबिनचे प्रकार तपासताना. एचबीए१सीच्या आकड्याला वजन आलं ते १९९३ च्या अमेरिका-कॅनडातल्या डीसीसीटी या मधुमेहाच्या अभ्यासाने. टाइप १ चे १,४४१ रुग्ण, सरासरी साडेसहा वर्षं. एका गटाचा आकडा ७ च्या आसपास ठेवला, दुसऱ्याचा ९ च्या आसपास राहिला. ज्यांचे डोळे सुरुवातीला ठीक होते, त्यांच्यात पडदा बिघडण्याचा धोका पहिल्या गटात ७६ टक्क्यांनी कमी झाला. काकीचा मधुमेह टाइप २ आहे, हे मान्य. पण १९९८ च्या ब्रिटिश अभ्यासात टाइप २ मध्येही डोळे-मूत्रपिंडाच्या बाबतीत कल तोच निघाला.

मेसेजमध्ये एक ओळ आहे, 'हा आकडा कधीकधी खोटा येतो'. ती खरी आहे, नाइलाजाने मान्य करतो. लोह कमी असेल तर आकडा उगाच चढा येऊ शकतो. लाल पेशी लवकर फुटत असतील किंवा नुकतंच रक्त चढवलं असेल तर फसवा येतो. आपल्याकडे बायकांत रक्त कमी असणं घरोघरी आहे, तेव्हा रिपोर्ट दाखवताना डॉक्टरांना हे सांगायलाच हवं. अशा वेळी ग्लुकोमीटरचे आकडे बघतात किंवा फ्रुक्टोसामाइन ही दुसरी रक्ताची टेस्ट करतात, तिच्यातून मागच्या दोन-तीन आठवड्यांच्या साखरेचं कळतं. गोळी बंद करा, असं मात्र यातून कुठेच निघत नाही.

राहता राहिला गूळ. तो बहुतांशी साखरच, आणि आतड्यात फुटून त्याचंही ग्लुकोज होतं. ते साखरेतून आलं की गुळातून, हे हिमोग्लोबिन विचारत बसत नाही.