आतडं एकच, भाव गावागणिक

पुण्यात कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्यात कॅमेऱ्याची नळी घालून करायची तपासणी, कितीला पडते, या साध्या प्रश्नाला पुण्यात फोनवर उत्तर मिळत नाही. प्रश्नाला प्रश्न मिळतो. ‘पेशंट कोण?’ मीच. ‘डॉक्टर कोणते?’ तुमच्याकडे असतील ते. ‘इन्शुरन्स आहे का?’ इथे मी सावध होतो. आहे म्हणावं तर आकडा फुगणार, नाही म्हणावं तर समोरचा उत्साह मावळणार. ‘आधी रेट सांगा, मग इन्शुरन्स आहे की नाही ते आठवतो,’ असं एका ठिकाणी म्हणालो, तर त्या बाईंनी मला होल्डवर टाकून बराच वेळ सनई ऐकवली.

तपासणीचं कारण खानदानी होतं. वडिलांना मोठ्या आतड्याचा आजार होता, थोरल्या भावाच्या आतड्यातून गेल्या वर्षी पॉलिप नावाच्या बारीक गाठी काढल्या, आणि ‘घरात हिस्ट्री आहे, आता तुम्हीही करून घ्या’ असं डॉक्टरांनी मला बजावलं. एरवी आपल्याकडे ही तपासणी सरसकट सगळ्यांना सांगत नाहीत. सरकारी कार्यक्रमात तिशीनंतर तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख या तीनच कॅन्सरची चाळणी होते. वडिलांनी मागे ठेवलेली इस्टेट म्हणजे एक गुंठा वादग्रस्त जमीन आणि हे आतडं. जमीन भावाने लढवायला घेतली. आतडं दोघांच्याही वाट्याला आलं.

रेट काढायचं काम मग मी नातेवाइकांत वाटून दिलं. दादरच्या मेहुण्याने चौकशी करून कळवलं, ‘बावीस हजार फक्त. भूल आणि बायोप्सी वेगळी.’ मुंबईकर ‘फक्त’ हा शब्द कुठल्याही आकड्यापुढे लावू शकतो. पुण्यात मला एका ठिकाणी चौदा मिळाले, दुसरीकडे नऊ. नऊवाला चौदावाल्यापासून हाकेच्या अंतरावर होता. आणि सांगलीहून ताईचा फोन आला, ‘अरे, मिरजेत साडेपाचात होतंय. वर लिंबू सरबतही देतात म्हणे.’

म्हणजे वाटेत चार जिल्हे लागतात आणि तेवढ्यात तेच दीड मीटर आतडं बावीस हजारांवरून साडेपाच हजारांवर येतं. सौ.चा पहिला प्रश्न हाडाच्या पुणेकराचा होता, ‘साडेपाचात पूर्ण बघतात ना, की अर्धंच?’

तिची शंका कॅमेऱ्याबद्दल होती. स्वस्तात करतात म्हणजे कॅमेरा जुनाट, एखाद्या लग्नाच्या व्हिडिओवाल्याकडून उतरलेला असणार, असा तिचा ग्रह. पण कॅमेऱ्याचा यात दोष नाही. कुलाब्यात असो की कोल्हापुरात, हे यंत्र बहुतेक जपानीच असतं: ऑलिंपस, फुजीफिल्म नाहीतर पेंटॅक्स. त्याची किंमत लाखांत, आणि मिरजेचं हॉस्पिटल आहे म्हणून टोकियोवाला दोन पैसे कमी करत नाही. उलट मुंबईत यंत्र महाग म्हणून फी जास्त, हा युक्तिवादच टिकत नाही. फरक पडतो तो यंत्र दिवसाला किती जणांच्या पोटात जाऊन येतं यावर. रोज दहा जण असले की हप्ता दहा जणांत वाटला जातो. आठवड्याला दोघेच आले, तर ते दोघे मिळून हप्ता फेडतात, आणि त्यांना वाटतं आपण आतडं तपासून घेतोय.

उरलेला फरक जागेचं भाडं, नर्स आणि टेक्निशियनचे पगार, प्रत्येक पेशंटनंतर ती नळी जंतुनाशकात बुडवून धुण्याचा खर्च, आणि भूलतज्ज्ञ. काही ठिकाणी डॉक्टर स्वतःच झोपेचं हलकं इंजेक्शन देतात आणि भागतं. काही ठिकाणी भूलतज्ज्ञ वेगळे येतात, त्यांची फी वेगळी, आणि ते निघून गेले तरी ती बिलात राहते. बायोप्सी घेतली तर तुकडा लॅबला जातो, त्याचं बिल मागाहून. त्यामुळे कुठल्याही शहरात ‘एवढ्याला पडतं’ म्हणणारा माणूस अर्धवट बोलत असतो. मेहुण्याचे बावीस आणि ताईचे साडेपाच ही एकाच वस्तूची किंमत नव्हतीच. एकात झोप धरली नव्हती, दुसऱ्यात झोप धरून वर सरबत होतं.

मला सगळ्यात आवडलं ते खोलीचं. चौदावाल्या हॉस्पिटलात शेवटी मी प्रत्यक्ष जाऊन उभा राहिलो, तेव्हा काउंटरवरच्या मुलीने विचारलं, ‘काका, जनरल, ट्विन शेअरिंग की डिलक्स?’ मी म्हटलं, मी सकाळी येणार, दुपारी जाणार, मधला बराच वेळ बेशुद्ध असणार. डिलक्स कोणासाठी? ती समजुतीने म्हणाली, ‘तसं नाही काका, रूमप्रमाणे प्रोसिजरचा चार्ज पण बदलतो.’ म्हणजे खोलीत सोफा असला की कॅमेरा आत घालायचे पैसे वाढतात. कॅमेरा तोच, डॉक्टर तेच, वाट तर निसर्गाने एकच ठेवली आहे.

दरपत्रक तिथे नव्हतं असं नाही. महाराष्ट्रात २०२१ च्या सुधारित नियमांनी खासगी हॉस्पिटलांना दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावायला सांगितलं आहे. ते मला सापडलं. दर्शनी भागातच होतं, फक्त त्याच्या दर्शनी भागात माशांची टाकी ठेवली होती. एका काळ्या मोलीच्या पाठीमागे मी ‘कोलोनोस्कोपी’ एवढं वाचलं. पुढचा आकडा वाचणार तेवढ्यात मासा वळला.

खालच्या मजल्यावरचे नाना केंद्र सरकारचे पेन्शनर. त्यांना असले प्रश्न पडत नाहीत. सीजीएचएसमध्ये, म्हणजे केंद्राच्या कर्मचारी-पेन्शनरांच्या आरोग्य योजनेत, प्रत्येक तपासणीचा दर ठरलेला असतो, आणि ऑक्टोबर २०२५ पासून तो शहराच्या वर्गाप्रमाणे बदलतो. एक्स वर्गातल्या शहरांत पूर्ण, वायमध्ये दहा टक्के कमी, झेडमध्ये वीस टक्के कमी. मुंबई-पुणे एक्स, सांगली-कोल्हापूर-नाशिक-नागपूर वाय. गुणवत्तेची मान्यता (एनएबीएच) नसलेलं हॉस्पिटल असेल तर आणखी पंधरा टक्के खाली. नोकरीत असताना याच वर्गवारीने नानांचा घरभाडे भत्ता ठरायचा. ‘तेव्हा घराला मिळायचा, आता आतड्याला मिळतो,’ नाना खुशीत म्हणाले. सरकारच्या लेखी मुंबई आणि सांगलीत फरक दहा टक्क्यांचा आहे. माझ्या नातेवाइकांच्या लेखी चौपटीचा. मधला सगळा प्रदेश खासगी क्षेत्राचा.

अमेरिकेत काय करतात, म्हणून न्यू जर्सीच्या चुलतभावाला विचारलं. तो म्हणाला, फुकट. तिकडे २०१० च्या कायद्याने बहुतेक विमा कंपन्यांना ही तपासणी विनामूल्य करून द्यावी लागते, आणि आता पंचेचाळिशीलाच बोलावतात. पण नंतर त्याला घरी काही हजार डॉलरचा हिशेब आला, आणि वर छापलं होतं की हे बिल नाही. तीन वेळा वाचून मग तो जेवला. ज्येष्ठांच्या सरकारी विम्यात, मेडिकेअरमध्ये, तर देशाच्या प्रत्येक भागाला वेगळा गुणांक लावतात: तिथल्या डॉक्टरच्या श्रमाचा, दवाखाना चालवायच्या खर्चाचा आणि डॉक्टरवर खटला झाला तर काढून ठेवलेल्या विम्याचा. भाव तिकडेही गावागणिक बदलतो. बदलण्याचं सूत्र तेवढं छापील असतं.

माझ्या विम्याचीही गोष्ट सांगतो. विमा आहे, हे मला शेवटी आठवलं. पण केवळ तपासणीसाठी दाखल झालात तर खर्च मिळणार नाही, असं कलम पॉलिसीत असतं आणि ते सगळ्याच कंपन्यांच्या पॉलिसीत एकाच नमुन्याचं असतं. म्हणजे आत काही सापडलं तर बोलणी करायला जागा. आतडं निर्मळ निघालं तर खर्च माझा. निरोगी असल्याचा असा दंड दुसरीकडे कुठे बसत असेल असं वाटत नाही.

करोनात नाकाचं नशीब मात्र बरं होतं. मार्च २०२० मध्ये आरटीपीसीआरचा कमाल दर साडेचार हजार होता. महाराष्ट्र सरकारने एकामागून एक आदेश काढले आणि डिसेंबर २०२१ पर्यंत तो लॅबमध्ये जाऊन दिल्यास साडेतीनशेवर आला. कुलाब्यात साडेतीनशे, गडचिरोलीत साडेतीनशे. तेव्हा कोणाचं भाडं आड आलं नाही, पगार आड आले नाहीत, आणि ट्विन शेअरिंगमध्ये नाक वेगळं पडतं असंही कोणी म्हटलं नाही. अर्थात ती काडी होती आणि इथे दीड मीटर नळी आहे, हे मला मान्य आहे. शिवाय त्या काळात सगळ्या राज्याला नाक होतं. आतड्याची आठवण ज्याची त्यालाच येते.

डॉक्टरांच्या चिठ्ठीबद्दल थोडं दबक्या आवाजात बोलायला हवं. आमच्या डॉक्टरांनी चिठ्ठी दिली ती चौदावाल्यांच्या नावे. का, ते मी विचारलं नाही; ते माझ्या मुलीला लहानपणापासून बघतात. पण पाठवणाऱ्याचा वाटा बिलात मिसळतो हे महाराष्ट्रात सगळ्यांना ठाऊक आहे, इतकं की २०१७ साली सरकारने कट प्रॅक्टिसविरुद्ध कायद्याचा मसुदा करायला निवृत्त पोलीस महासंचालकांची समिती नेमली होती. पोलीस महासंचालक! मसुदा झाला. पुढे त्याचं काय झालं, ते मसुद्याच्या सवयीप्रमाणे झालं.

आता एक प्रश्न उरतो. भावात इतका फरक आहे, तर तो टिकतो कसा? लासलगावला कांदा दहा रुपये आणि दादरला चाळीस झाला, तर रातोरात ट्रक निघतात आणि आठवड्यात भाव जवळ येतात. आतड्याच्या बाबतीत असं होत नाही, कारण इथे माल म्हणजे गिऱ्हाईक, आणि आदल्या संध्याकाळी त्याला आतडं धुऊन काढणारी, दोन लिटर पाण्यात कालवलेली पावडर प्यावी लागते. ती प्यायलेला माणूस प्रवास करू शकत नाही. तो बैठकीच्या खोलीपर्यंतही विचार करून जातो. पुण्याहून पावडर पिऊन निघालेला मनुष्य खंबाटकी घाटात अडकला, तर त्याच्यावर काय प्रसंग येईल, याची कल्पना ज्याने ती प्यायली आहे त्यालाच येईल. मुंबईचे दर त्या पावडरीच्या आधारावर उभे आहेत, असं माझं ठाम मत झालं आहे.

यावर उपाय एकच: आदल्या दिवशी दुपारीच माहेरी पोहोचायचं. पुरुषांना माहेर नसतं, पण मला सांगलीत ताई आहे. तेव्हा मिरज ठरली.

मिरजेत स्वस्त का, हे तिथे गेल्यावर कळतं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस डॉ. वानलेस नावाच्या मिशनरी डॉक्टरांनी तिथे हॉस्पिटल काढलं, मग वैद्यकीय शाळा काढली, आणि तेव्हापासून गावाला डॉक्टरांचीच लागण झाली. रेल्वे जंक्शन असल्यामुळे उत्तर कर्नाटकातून पेशंट येत राहिले. आज रस्त्यावर एका पाटीवरून नजर काढली की ती दुसऱ्या पाटीवर पडते, आणि शेजारच्या पाटीवाल्याने पाचशे कमी केले की याला झोप लागत नाही. नळी रिकामी राहत नाही. मराठी आणि कन्नड आतडी एकाच बाकावर नंबर लावून बसतात.

ताईच्या घरी माणसं सात आणि संडास एक. संध्याकाळी सहाला मी जग भरून बसलो. चवीला ती पावडर म्हणजे कोणीतरी लिंबाचं चित्र दाखवून समुद्र पाजावा तशी. दर दहा-पंधरा मिनिटांनी एक ग्लास. तिसऱ्या ग्लासापर्यंत काही झालं नाही, म्हणून दाजी माझ्याशी उसाच्या दरावर बोलायला बसले. चौथ्या ग्लासाला मी एफआरपीच्या मुद्द्यावर वाक्य अर्धं सोडून उठलो, ते वाक्य आजतागायत पूर्ण झालेलं नाही. भाच्याची दहावीची सराव परीक्षा होती. त्याला आवरायला शेजाऱ्यांकडे पाठवलं. रात्री दहा वाजता दाजी दाराबाहेरून अतिशय सौम्यपणे म्हणाले, ‘सावकाश होऊ द्या हो, आम्ही थांबतोय.’ आम्ही!

तपासणीबद्दल सांगण्यासारखं काही नाही, कारण मी झोपलो होतो. डॉक्टर म्हणाले सगळं स्वच्छ आहे. सरबत खरंच दिलं. बिल साडेपाचच झालं, वर सलाइन आणि इंजेक्शनचे काहीशे.

परतताना सौ.ने गाडीत हिशेब मांडला. पेट्रोल, तिन्ही टोल जाता-येता, ताईला साडी, भाच्याला सराव परीक्षेच्या नुकसानभरपाईपोटी पाकीट, सोसायटीत वाटायला भडंग. बेरीज पुण्यातल्या नऊ हजारांच्या वर गेली, चौदाच्या खाली राहिली. ‘म्हणजे आपण फायद्यातच आहोत,’ मी म्हणालो. तिने भडंगाची पिशवी पायाशी नीट ठेवली आणि खिडकीची काच वर केली.

कराडच्या अलीकडे दाजींचा फोन आला. त्यांच्याही थोरल्या चुलत्यांना तसलंच काही झालं होतं, ते त्यांना माझ्यामुळे आठवलं. पण मिरजेत करून घ्यायला ते तयार नव्हते. गावात ओळखीचे फार, बाकावर कोणीतरी भेटायचंच. ‘तुमच्याकडं पुण्यात कितीला पडतंय, जरा फोन करून विचारा की,’ ते म्हणाले. ‘आणि आदल्या दिवशी आम्ही तुमच्याकडंच उतरू.’