समोरचे दात १.६१८ ने आखले जात नाहीत

एक संदेश सध्या ग्रुपाग्रुपांतून फिरतो आहे. त्याचा सार असा: 'सुंदर दातांचं गुपित म्हणजे सोनेरी गुणोत्तर, १.६१८. डेंटिस्ट त्यानुसार दातांची रुंदी ठरवतात, चेहऱ्याच्या आकारावरून दाताचा आकार घेतात, दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या करतात आणि रंग शक्य तितका पांढरा ठेवतात.' मी समोरच्या दातांचंच काम करते. हा संदेश दाखवून 'डॉक्टर, मला असेच हवेत' म्हणणारे पेशंट येतात, तेव्हा काळजी वाटते. व्हिनिअर म्हणजे दातावर पुढून चिकटवायचं पातळ कवच. त्यासाठी घासलेलं एनॅमल, म्हणजे दाताचं वरचं कठीण आवरण, पुन्हा उगवत नाही.

आधी १.६१८ बघू. ही कल्पना दंतवैद्यकात लेव्हिन यांच्या १९७८ च्या लेखामुळे रुजली. समोरून बघताना मधला दात बाजूच्या दाताच्या १.६१८ पट आणि बाजूचा सुळ्याच्या १.६१८ पट रुंद दिसावा, असा हा नियम. पण प्रेस्टन यांनी १९९३ मध्ये खऱ्या माणसांच्या दातांचे साचे मोजले, तेव्हा मधला आणि बाजूचा दात यांच्यात हे नातं फक्त १७ टक्के साच्यांत सापडलं. बाजूचा दात आणि सुळा यांच्यात तर एकाही साच्यात नाही. त्यांची सरासरी धरून हिशेब करा. मधला दात ८.५ मिलिमीटर असेल, तर सुळा समोरून साधारण ४.७ मिलिमीटर दिसतो. सोनेरी नियमाने तो ३.२ वर येतो. म्हणजे बाजूचे दात चिमटून जातात आणि हसू अरुंद दिसतं. मी रुंदीइतकंच उंचीकडेही बघते: मधल्या दाताची रुंदी उंचीच्या ७५ ते ८० टक्के असली की तो डोळ्यांना पटतो.

चेहरा उलटा धरला की दाताचा आकार मिळतो, हा लिऑन विल्यम्स यांचा १९१४ चा सिद्धान्त, कवळीच्या काळातला. पुढच्या मोजमापांत तो टिकला नाही.

तंतोतंत सारखेपणाचं म्हणणं अर्धं खरं आहे. दोन मधले दात जवळजवळ जुळे हवेत, तिथला फरक लगेच खुपतो. मध्यापासून दूर जावं तसा थोडा फरक चालतो, किंबहुना हवाच. दातांच्या कडांमधल्या लहान त्रिकोणी खाचाही मध्याकडून सुळ्याकडे वाढत जातात. त्या बुजवल्या की सहा दातांची एकच पट्टी दिसते.

रंगाबद्दलचा दावा मला सर्वांत घातक वाटतो. खरा दात एकरंगी नसतोच. हिरडीजवळ एनॅमल पातळ, त्यातून आतलं पिवळसर डेंटिन डोकावतं. खालच्या कडेला मागे डेंटिन नसल्यामुळे करडी-निळसर पारदर्शक झाक येते. सुळा तर पटाशीच्या दातांहून गडदच असतो. हे सगळं पुसून एकच पांढरा दिला, की चुना फासलेल्या भिंतीसारखं दिसतं. आणि शेड, म्हणजे दाताच्या रंगाची छटा, कामाच्या सुरुवातीलाच जुळवून घ्यायची असते, कारण तोंड उघडं राहून दात सुकले की ते काही मिनिटांत फिकट होतात.

मग सुरुवात कुठून होते? ओठांपासून. ओठ सैल सोडल्यावर वरचे दात किती दिसतात, हे विग आणि ब्रुंडो यांनी १९७८ मध्ये मोजलं: बायकांत सरासरी ३.४ मिलिमीटर, पुरुषांत १.९, आणि वयानुसार कमी होत जातं. त्यानंतर उच्चार. इंग्रजी पुस्तकं 'एफ' म्हणायला लावतात. आपल्याकडे 'फूल' म्हणायला सांगून भागत नाही, कारण तिथे ओठाला ओठ लागतो. मी 'फोन', 'फोटो' म्हणायला लावते. तेव्हा बहुतेकांच्या वरच्या दातांची कड खालच्या ओठाला टेकते. ती रुतली, तर दात लांब झाले.

हे सगळं आधी मेणात घडवून, त्याचा तात्पुरता नमुना न घासलेल्या दातांवर चढवून बघता येतं. तो नमुना घालून, घरच्या माणसाशी पाच मिनिटं बोलून, आरशात हसून बघितल्याशिवाय दात घासायला होकार देऊ नका.